जिमची पावती फ्रिजवर लावून काय होणार?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कोपरखैरण्याच्या या ताईंच्या मुलाने २०२० ला बारावी दिली, बीएस्सीची पहिली दोन वर्षं जवळजवळ घरातच ऑनलाइन गेली, आता एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत खोखोच्या टीममध्ये होता. आता रात्री ३-४ ला झोपतो, दुपारी उठतो, वजन १४ किलोने वाढलंय, लेक्चर बुडवतो आणि काही विचारलं की "काही नाही" एवढंच. वडील म्हणतात आळस, आत्या म्हणते कोविडचा परिणाम, आणि सगळ्यांचं एकमत असं की एकदा व्यायाम सुरू झाला की गाडी रुळावर येईल, म्हणून जिमची वर्षाची फी भरली, तो ४ दिवस गेला, आता ती पावती फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलीये, त्याला आठवण राहावी म्हणून. तर व्यायामाने हे खरंच बरं होतं का, आणि त्याला उठवायचं कसं?

मी २१ वर्षं समुपदेशनाचं काम करतेय, ठाण्यातल्या नौपाड्यात स्वतःची प्रॅक्टिस आणि आठवड्यातले दोन दिवस नवी मुंबईतल्या एका कॉलेजात. लॉकडाऊनमध्ये कॉलेजची पोरं माझ्याशी फोनवर बोलायची, त्यातली काही आजही येतात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

व्यायामाने फरक पडतो, पण तुम्हाला वाटतंय तसा नाही. मला सांगा, २०२० च्या आधी तुमचा मुलगा "व्यायाम" करत होता का? शाळेत खोखो होता ते ठीक, पण अकरावी-बारावीत? बहुतेक नसणार, क्लासेसमध्ये कुणाला वेळ असतो. तरी तेव्हा तो ठीक होता ना? मग लॉकडाऊनमध्ये त्याचं सुटलं काय? त्याचं जाणं-येणं सुटलं.

कळव्याची एक मुलगी होती माझ्याकडे, एप्रिल २०२० मध्ये फोनवर, रडू येतंय पण कारण सापडत नाही अशी तक्रार. तिच्या मोबाइलमध्ये पावलं मोजणारं ऍप आपोआप चालू होतं, तिला माहीतही नव्हतं. मी म्हटलं उघड बघू. फेब्रुवारीत रोजची साडेआठ-नऊ हजार पावलं, एप्रिलमध्ये अकराशे-बाराशे. ती म्हणाली मॅडम, पण मी तर कधी एक्सरसाइज करतच नव्हते! खरंच नव्हती करत. घरापासून कळवा स्टेशन, मग ठाण्याला उतरून तो पूल चढायचा, गर्दीत रेटारेटी करत ९-१० नंबर प्लॅटफॉर्मला नवी मुंबईची ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, तुर्भ्याला उतरून कॉलेजपर्यंत चालत, लॅब तिसऱ्या मजल्यावर, कँटीन खाली, दिवसातून चार वेळा वर-खाली, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. ठाण्याचा पूल सकाळी पावणेनऊला चढून बघा, ट्रेडमिल काय करेल त्यापुढे. आणि त्या नऊ हजार पावलांमध्ये काय काय होतं? लेडीज डब्यातल्या तिघी ठरलेल्या मैत्रिणी, स्टेशनबाहेरचा वडापाव, कुणीतरी आवडणारं पोरगं ज्याच्यासाठी एक गाडी सोडायची, प्रॅक्टिकलला उशीर झाला म्हणून पळापळ. मार्च २०२० मध्ये हे सगळं एकदम बंद. चालणं गेलं ते मोजता आलं, बाकीचं कोण मोजणार?

याच विषयावरचा पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अमेरिकन अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या पोरांच्या हातात महामारीच्या आधीपासूनच फिटनेस बँड होते, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं दोन्ही मोजून झालं. दिवसाला साधारण १०,००० पावलं होती ती ४,६०० वर आली, स्क्रीन दुपटीहून वाढून ५ तासांच्या वर, माणसांत घालवायचा वेळ निम्म्यावर, म्हणजे दिवसाला अर्धा तासही नाही. झोप उलट २५-३० मिनिटांनी वाढली. आणि साधारण निम्मी ते ६० टक्के पोरं नैराश्याच्या धोक्यात. इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल, बघा, चालणं कमी झालं म्हणून पोरं खचली, चालायला लावा. त्या संशोधकांनी तेच करून बघितलं. काही पोरांना दोन आठवडे रोज १०,००० पावलं पूर्ण केली की पैसे दिले. पोरं चालली, पावलं वाढली. मन मात्र फारसं सुधारलं नाही.

तुमच्या जिमच्या फीचं काय झालं याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

मग व्यायाम फुकट का? तसंही नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात १२ लाख अमेरिकन लोकांची पाहणी आली होती, व्यायाम करणाऱ्यांचे मनाने वाईट गेलेले दिवस तशाच परिस्थितीतल्या व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी, आणि सगळ्यात जास्त फायदा टीमने खेळायच्या खेळांत दिसला. पाऊण तास, आठवड्यातून ३ ते ५ वेळा, एवढंच पुरेसं होतं, रोज तीन-तीन तास घाम गाळणाऱ्यांचं उलट बिघडलेलं. पण या पाहणीत एक गोम आहे, ज्याला बरं वाटतंय तोच उठून खेळायला जातो, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय ते त्यातून सुटत नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले आणि माझ्याकडची पोरं आठवली तर मला असं दिसतं, की माणसांसोबत, ठरलेल्या वेळी, कुठेतरी जाण्यासाठी केलेली हालचाल मनाला लागू पडते. एकट्याने, शिक्षा म्हणून, आकडा गाठायला केलेली फार नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं माप बरोबरच आहे, पण अंथरुणातून न उठणाऱ्या पोराला १५० चा आकडा सांगणं म्हणजे तापात असलेल्याला जेवणाचं ताट वाढण्यासारखं.

आता झोपेचं. तुम्ही लिहिलंय "रात्रभर मोबाइल". मला विचारायचंय की २०२० मध्ये तुमच्या घरात माणसं किती होती? तुम्हीच लिहिलंय की वन रूम किचन, सासूबाई पण होत्या, मिस्टरांचं काम घरून. अशा घरात १८ वर्षांच्या पोराला एकटं राहायची जागा कुठली? रात्री अकरानंतरची. सगळे झोपले की ती खोली त्याची. कुणी विचारत नाही, कुणी हाक मारत नाही, कॅमेरा ऑन कर म्हणणारं कुणी नाही. ठाणे, नवी मुंबईतल्या लहान घरांतली कितीतरी पोरं तेव्हा अशी रात्रीची झाली आणि तशीच राहिली, आणि लोक त्याला मोबाइलचं व्यसन म्हणून मोकळे झाले. मोबाइल काढून घेतलात तर तुम्ही त्याची खोली काढून घेताय, हे लक्षात ठेवा.

घणसोलीच्या माथाडी वसाहतीतला एक मुलगा होता, घरात सहा जण. त्याचं सेशन कुठे व्हायचं माहितीये? तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात. फोन लागला की आधी कुजबुजत म्हणायचा, मॅडम एक मिनिट, कुणीतरी खाली चाललंय. सॅनिटायझरची बाटली त्याच पायरीवर असायची, येणारा-जाणारा तिच्याजवळ थांबायचा आणि आमचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. गच्चीला सोसायटीने कुलूप लावलेलं, कारण काय तर गर्दी होईल. अहो, सहा जणांचं घर ही गर्दी नाही आणि मोकळी गच्ची ही गर्दी? मी आजही त्या कुलपावर चिडलेली आहे. जुलै २०२० मध्ये ठाण्यात आणि नवी मुंबईत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला तेव्हा तो मुलगा म्हणाला की मला आता जिन्याच्या भिंतीचे पोपडे पाठ झालेत. मग बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर आम्ही एक केलं, सेशन चालत करायचं. तो बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायचा, मी माझ्या घरात बाल्कनी ते स्वयंपाकघर. ४० मिनिटं. फेऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरलेलं, तरी तो शेवटी हळूच सांगायचा, आज २२ झाल्या. तीन-साडेतीन आठवड्यांनी त्याच्या आवाजातला फरक मला फोनवर कळायला लागला. आता हे चालण्याने झालं, बोलण्याने झालं, की रोज साडेसहाला कुणीतरी वाट बघतंय याने झालं? मी वेगळं करून सांगू शकत नाही आणि करायचंही नाहीये मला.

वडिलांच्या "आळस" या शब्दाबद्दल. आळशी पोराला पार्टीला बोलवा, तयार होतो. मन खचलेल्या पोराला त्याला आवडणारी गोष्ट पण नकोशी होते. हा फरक घरच्यांना बघता येतो. मॅच बघायचा तो बघतो का अजून? आवडीचं जेवण असलं की उठतो का? रात्री जागतो तो कुणाशी बोलत असतो की एकटाच रील खाली ढकलत असतो? रात्री दोन वाजता मित्रांबरोबर गेम खेळताना हसत असेल तर मला जरा हायसं वाटेल, म्हणजे माणसांशी दोरी शिल्लक आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, एकाग्रता नाही, असं असेल तर ते आळसाचं खातं नाही, ते तपासून घ्यायचं. आम्ही नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतो, २७ पैकी १० किंवा जास्त आले तर नीट मुलाखत घेतो. ती नेटवर मिळते, पण कृपा करून तुम्ही ती प्रिंट काढून त्याच्यासमोर ठेवू नका, फ्रिजवर आधीच एक कागद आहे.

आणि एक, जे ही पोरं घरी बोलत नाहीत. "कोरोना बॅच". ऑनलाइन पास झालेले, एमसीक्यूवाले, यांना काय येतंय. मुलाखतीत, लॅबमध्ये, काकांच्या घरी गणपतीत, सगळीकडे हा टोमणा खाल्लाय त्यांनी. कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली आणि जानेवारीत परत बंद झाली, फेब्रुवारीत परत सुरू, तोपर्यंत याचं दुसरं वर्ष संपत आलेलं. पहिल्या वर्षी जे मित्र होतात, कट्ट्यावर, कँटीनमध्ये, ते झालेच नाहीत. तिसऱ्या वर्षी वर्गात गेला तर सगळे अनोळखी आणि त्यात वजन वाढलेलं. मग लेक्चर बुडवणं आलंच. जिम चार दिवसांत का सुटली त्याचंही हेच, चारी बाजूंनी आरसे, ट्रेनर पहिला प्रश्न विचारतो वजन किती, शेजारी दहा वर्षं कमावलेलं शरीर. त्या पोराला तिथे पाठवणं म्हणजे जिथे दुखतंय तिथेच बोट.

आता करायचं काय.

पहिलं, फॅमिली डॉक्टर. रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर. थकवा आणि मरगळ यातूनही येते आणि आम्ही मनाचं समजून बसतो. कोविड होऊन गेला असेल आणि तेव्हापासून थोडं जरी जास्त श्रम झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार आडवा होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, अशा वेळी "अजून जोर लाव" हा सल्ला उलटतो.

दुसरं, विचारा. सरळ विचारा, की तुला कधी जगणं नको असं वाटतं का. विचारल्याने डोक्यात भरत नाही, ही भीती काढून टाका, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं रडतात आणि मोकळी होतात. हो म्हणाला, किंवा निरोपाचं बोलायला लागला, वस्तू वाटायला लागला, तर व्यायाम-बियाम सगळं बाजूला, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्याला एकटं सोडू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे जाऊन केसपेपर काढता येतो. हो, तेच, "ठाण्याला न्यायला हवं याला" म्हणून आपण आयुष्यभर जोक मारला ते. मी ठाण्याची आहे, बाहेरगावच्या लग्नात कुठून आलात विचारलं की अजून लोक हसतात. १९०१ पासून आहे ते रुग्णालय, आणि तिथल्या रांगेत कॉलेजची बॅग पाठीला लावलेली पोरं मी पाहिलीयेत, बरी होऊन नोकरीला लागलेली पण. औषध लागलं तर लागलं, ते व्यायामाच्या आड येत नाही.

हे दोन्ही बघून झालं आणि तसं गंभीर काही नसेल, मग हालचाल. सुरुवात उठण्याच्या वेळेपासून, झोपण्याच्या नाही. दुपारी १ ला उठतोय ना, तर साडेबारा. तीन-चार दिवस तेच. मग बारा. पहाटे ५ चा अलार्म लावणारे बाप मी खूप पाहिलेत, दोन दिवस पोरगं उठतं आणि तिसऱ्या दिवशी घरात भांडण. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेरचा उजेड डोळ्यांवर पडायला हवा, १५-२० मिनिटं, चहा बाल्कनीत नाहीतर खाली जाऊन दूध आणणं, काहीही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, उपदेशावर नाही. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो.

मग माणूस शोधा. त्याच्या खोखोच्या टीममधलं कुणी अजून कोपरखैरणे, ऐरोली, वाशीत आहे का? एक जण पुरे. तुम्ही फोन करू नका हां, आईने लावून दिलेली मैत्री २३ व्या वर्षी चालत नाही, फक्त विषय काढा की तो अमुक काय करतो रे हल्ली. आणि तो जर रात्री दहाच्या टर्फवर बॉक्स क्रिकेटला जातो म्हणाला तर जाऊ द्या. माहितीये मला, रात्री अकराला घामाघूम होऊन आल्यावर झोप अजून पुढे जाते, पुस्तकी सल्ला देणारे मला ओरडतील. तरी सुरुवातीला मी टर्फ घेईन आणि झोप महिन्याभराने बघेन. आठ पोरं, आरडाओरडा, आऊट होता की नव्हता यावर भांडण, नंतर बाहेर उभं राहून कटिंग, हे त्याचं दोन वर्षांचं राहिलेलं कॉलेज आहे.

टीम नसेल तर चालणं, तेही कुठेतरी जाण्यासाठी. निसर्ग उद्यान तुमच्या जवळ आहे, वाशीचं सागर विहार आहे, पण "चल फिरायला" पेक्षा "मला पार्सल आणायचंय, चल" जास्त चालतं. वेग किती तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. पहिला आठवडा १० मिनिटं. खरंच १०. तो म्हणाला अजून चालूया तरी परत या, म्हणजे उद्यासाठी इच्छा उरते. पुढे जमलं की आठवड्यातून दोनदा जोर-बैठका, घरच्या घरी, आरसा नाही. आणि "आज मूड नाही" म्हणाला तर त्याला समजावा की मूड आधी येत नाही, बूट आधी घालायचे, मूड दुसऱ्या चौकात भेटतो. भेटला नाही तर घरी यायचं, हिशोब नाही मागायचा.

मिस्टरांना एक निरोप द्या माझा. वजनाबद्दल सहा आठवडे एकही शब्द नको, चांगलाही नको, "बारीक झालास" पण नको. त्यांना अवघड जाईल, पण त्यांनाच चालायला जायला सांगा, स्वतःसाठी. २०२० मध्ये त्यांचंही जाणं-येणं बंद झालं होतं आणि त्यांना कुणी विचारलंच नाही.

कौन्सेलरकडे यायला तो लगेच तयार होणार नाही. बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतो, फी नसते, घरी कळवत नाहीत (जिवाला धोका असेल तर सोडून), एवढी माहिती त्याच्या कानावर घालून ठेवा आणि परत विषय काढू नका. महिन्या-दोन महिन्यांनी पोरं स्वतः दार वाजवतात, बहुतेक वेळा "मित्राबद्दल विचारायचं होतं" म्हणत.

आणि ताई, ती पावती आजच काढा. जिमवाल्याशी बोलून फी पुढे ढकलता आली तर बघा, नाहीतर गेले पैसे. रविवारी मासळी आणायला तुम्ही एकट्याच जाता असं लिहिलंय ना, या रविवारी जरा उशिरा जा, अकरा-साडेअकराला, आणि दोन पिशव्या घ्या. ओझं आहे म्हणून त्याला हाक मारा. सुरमई महाग झाली असेल तेव्हा, ते काय, बांगडे आणा.